श्रीलंका पहिल्यांदाच : दहा दिवस, नऊ रात्री, सहा मुक्काम

पहिल्यांदा श्रीलंकेला जाणारे नकाशा बघतात आणि फसतात. देश इवलासा दिसतो, दोन ठिकाणांमधलं अंतर नव्वद किलोमीटर निघतं, म्हणजे दीड तास, असा हिशेब होतो. मग एका दिवसात तीन गावं बसवली जातात. प्रत्यक्षात डोंगरातले नव्वद किलोमीटर तीन तास खातात, दुपारी अकराच्या पुढे उघड्यावर फिरणं अंगावर येतं, आणि संध्याकाळी साडेसहाला काळोख पडतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच असतो. आपल्याकडच्या मे महिन्यासारखी सातपर्यंतची संध्याकाळ तिथे नाही. म्हणून हा कार्यक्रम किलोमीटरवर न बांधता तासांवर बांधलाय. सकाळी चढायचं, दुपारी सावलीत किंवा गाडीत बसायचं, चारनंतर पुन्हा बाहेर पडायचं.

निघण्याआधी

महिना ठरवताना पावसाच्या दोन बाजू लक्षात ठेवा. नैऋत्य मोसमी पाऊस दक्षिण आणि पश्चिम किनारा भिजवतो, मे ते सप्टेंबर. ईशान्य मोसमी पाऊस पूर्व आणि उत्तर भाग धरतो, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. खाली दिलेली वाट डिसेंबरअखेर ते मार्च या काळासाठी आहे. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च सर्वांत भरवशाचे. आपली अडचण अशी की शाळेची सुट्टी मेमध्ये असते, आणि कोकणात जूनमध्ये येणारा पाऊस तिथे मेमध्येच दाखल होतो. मेअखेरीस दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलच्या समुद्रात पाय टाकायचा विचार सोडा. त्या दिवसांत जायचंच असेल तर डोंगर आणि सिगिरियाचा खडक ठेवून शेवटचे दिवस त्रिंकोमाली किंवा पासिकुडाच्या बाजूला न्या. पूर्वेचा समुद्र तेव्हा शांत असतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन पावसांच्या मधला काळ सापडतो: सकाळ स्वच्छ, दुपारी गडगडाट, त्यामुळे सकाळचं काम सकाळीच उरकायचं.

तारखा पक्क्या करताना पौर्णिमाही बघा. दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते, दारू कुठेही विकत मिळत नाही आणि देवळांत तोबा गर्दी असते. १३-१४ एप्रिलच्या आसपास सिंहली-तमिळ नववर्ष येतं. तेव्हा चालक गावी जातात आणि दुकानं दोन-तीन दिवस बंद राहतात.

प्रवेशासाठी ईटीए ही ऑनलाइन परवानगी लागते. शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळच बघा. शोधयंत्रात वर दिसणारी बरीच पानं दलालांची असतात. काम तेच, पैसे जास्त. पारपत्राची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

पैशांचं सांगायचं तर, फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय तिथे सुरू झालंय, पण सगळ्या दुकानांत चालतं असं धरून चालू नका. डॉलर घेऊन जा आणि विमानतळावरच बदला, किंवा एटीएममधून काढा. उपाहारगृहाच्या यादीत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली, तर त्यावर सेवाशुल्क आणि कर वेगळे लागणार आहेत हे समजून घ्या. प्लगचं एक कोडं आहे: जुन्या घरांत आपल्यासारखी गोल तीन भोकं, नव्या हॉटेलांत ब्रिटिश चौकोनी. एक अडॅप्टर पुरतो.

सामानात तीन गोष्टी विसरू नका: गुडघे आणि खांदे झाकणारे हलके कपडे, एक स्वेटर, आणि जाड मोज्यांचे दोन जोड. मोजे कशाला, ते दुसऱ्या दिवशी कळेल. रेनकोटपेक्षा छत्री बरी. त्या दमट हवेत रेनकोटच्या आतून माणूस जास्त भिजतो. मलेरिया तिथून गेलाय, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तसं जाहीर केलं. डेंग्यू मात्र आहे आणि तो डास दिवसा चावतो. तेव्हा मलम सकाळीच लावायचं.

दिवस पहिला : नेगोम्बो

मुंबईहून थेट विमान अडीच तासांत पोचतं. वेळ आपलीच, घड्याळाला हात लावायचा नाही. विमानतळ कोलंबोत नसून कटुनायकला आहे, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला. म्हणून पहिली रात्र कोलंबोत घालवण्यापेक्षा विमानतळाशेजारच्या नेगोम्बोत घालवा, वीस मिनिटांत खोलीवर पोचता. उद्याचा रस्ता उत्तरेलाच जातो, त्यामुळे उलटा फेराही वाचतो. बाहेर पडायच्या आधी आगमन कक्षातच डायलॉग किंवा मोबिटेलचं सिमकार्ड घ्या आणि फोनवर पिकमी हे ॲप चढवा. रिक्षाचं भाडं त्यावर आधी दिसतं, घासाघीस करावी लागत नाही.

इथे दुसरं काही करू नका. समुद्रावर चक्कर मारा, लवकर झोपा.

दिवस दुसरा : नेगोम्बो ते सिगिरिया, दुपारी दंबुल्ल

चालकासह गाडी या दिवसापासून घ्यायची. भाडं दिवसावर ठरतं. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: इंधन धरलंय का, रोजचे किती किलोमीटर, टोल कोण भरणार, चालकाच्या जेवण-झोपण्याचं काय. मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी खोली असते, छोट्या घरगुती मुक्कामांत नसते; आधी विचारा, नाहीतर रात्री दहाला तो प्रश्न उभा राहतो. वाटेत मसाल्याच्या बागा, रत्नांची दुकानं, लाकडी मुखवटे असे थांबे सुचवले जातील. तिथे चालकाला हिस्सा मिळतो. पहिल्याच सकाळी हसत सांगून टाका की खरेदी करायची नाही.

सातला निघालात तर अकरा-साडेअकराला सिगिरियाच्या परिसरात. जेवण, दोन तास आराम, आणि साडेतीनला दंबुल्लच्या लेण्यांकडे, अर्ध्या तासाची वाट. पाच गुहा, छतभर रंगवलेली चित्रं, निजलेला बुद्ध. आपल्याकडच्या लेण्यांत बहुतेक शांतता असते, इथे पूजा चालू आहे.

दोन चुका बहुतेकांच्या होतात. पहिली तिकिटाची: तिकीटखिडकी वर गुहांच्या दाराशी नाही, खाली आहे. थेट पायऱ्या चढून गेलेली माणसं वरून परत पाठवली जातात. दुसरी पायांची: दाराशी चपला ठेवाव्या लागतात आणि आतलं अंगण उघड्या कातळाचं आहे. तो कातळ दुपारभर तापतो आणि चारलाही तव्यासारखा असतो, माणसं टाचांवर नाचत पलीकडे जातात. जाड मोजे चालतात, कोणी हरकत घेत नाही. टोपी मात्र काढायची. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तो अपमान समजला जातो आणि पहारेकरी मोबाइलमधून फोटो खोडायला लावतात.

दिवस तिसरा : सिगिरिया

सुमारे दोनशे मीटर उंचीचा एकच खडक, आणि माथ्यावर पाचव्या शतकातल्या काश्यप राजाच्या महालाचे चौथरे. पायऱ्या बाराशेच्या आसपास. रायगड पायी चढलेल्याला हे काही अवघड नाही. अवघड असतं ते ऊन आणि रांग. म्हणून फाटक उघडताना दारात असायला हवं. तिकीट घेताना पारपत्र दाखवा, सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर असतो, पण न मागता मिळेलच असं नाही.

अर्ध्या चढावर गोल लोखंडी जिना लागतो, त्यावरून अप्सरांच्या चित्रांशी जाता येतं. तिथे फोटो काढायला मनाई आहे. खाली उतरल्यावर आरशाची भिंत. तिचा गिलावा एके काळी इतका गुळगुळीत होता म्हणे, की त्यात राजाचं प्रतिबिंब पडे. त्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनी कविता कोरून ठेवल्यात, बहुतेक त्या वरच्या चित्रांतल्या बायकांना उद्देशून. पुढे सिंहाचे दोन दगडी पंजे आणि त्यांच्यामधून वर चढणारा लोखंडी जिना. या पट्ट्यात कातळावर आग्या मधमाश्यांची पोळी आहेत आणि शांतता राखा अशा पाट्या आहेत. त्या पाट्या शोभेच्या नव्हेत. आरडाओरडा झाला की माश्या उठतात आणि वाट बंद करावी लागते. अत्तर, भडक सुवासाची तेलं त्या दिवशी नकोत. माकडांसमोर पिशवीतून खाऊ काढू नका, पिशवीच जाते.

वर-खाली मिळून तीन तास धरा, दहाच्या आत खाली या. माणशी एक लिटर पाणी सोबत घ्या, माथ्यावर सावली जवळपास नाहीच.

दुपार मोकळी ठेवा. इथे पोलोन्नरुव बसवायचा मोह होतो, जायला दीड तास, यायला दीड तास, आणि मधले अवशेष भर उन्हात. अकरावा दिवस हाताशी असेल तरच. त्याऐवजी चारला शेजारच्या पिदुरंगलावर चढा. तिथून अख्खा सिगिरिया समोर दिसतो, जो सिगिरियावर उभं राहून अर्थातच दिसत नाही. पायथ्याला देऊळ आहे, खांदे-गुडघे झाकूनच सुरुवात करावी लागते. शेवटची दहा मिनिटं शिळांमधून हाताने धरून चढायचंय. गुडघेदुखीवाल्यांनी निजलेल्या बुद्धापर्यंत जाऊन परत फिरावं. उतरताना काळोख होतो, डोक्याला बांधायचा दिवा हवाच.

जेवणाविषयी एकदाच सांगतो

भात-कढी हे तिथलं दुपारचं जेवण. बारा ते दोन. अडीचला छोट्या खानावळीत गेलात तर पातेली रिकामी. भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण, कोवळ्या फणसाची भाजी, बीट, आणि पोल सांबोल म्हणजे मिरची-कांदा घालून वाटलेलं ओलं खोबरं. शाकाहारी माणूस इथेच फसतो. सांबोलमध्ये आणि कित्येक भाज्यांतही उंबलकड घालतात. ते वाळवलेल्या कुपा माशाचे तुकडे, दिसायला लाकडाच्या भुशासारखे. शाकाहारी आहे का असं विचारलं तर हो म्हणतील, कारण त्यांच्या लेखी तो मसाला आहे. म्हणून नाव घेऊनच सांगा: मस एपा, माळू एपा, उंबलकड एपा. मटण नको, मासे नको, ते तुकडे नको.

संध्याकाळी आप्प म्हणजे वाटीच्या आकाराचे तांदळाचे घावन, आणि कोत्तू रोटी म्हणजे तुकडे करून परतलेली रोटी. आणि इंदिआप्प दिसले की कोकणातल्या माणसाला ओळख पटेल, ते आपले शिरवळेच. फक्त गुळाच्या रसाऐवजी किरी होदि, म्हणजे नारळाच्या दुधाचं सौम्य कालवण, घेऊन येतात. गोड हवं असेल तर मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुलची काकवी. कितुल म्हणजे आपला भेरली माड. रस्त्याच्या कडेचं नारिंगी शहाळं, तंबिली, दिवसाला दोन प्या. किंमत विचारायला शब्द सोपा आहे: कीयद?

दिवस चौथा : कँडी

आठला निघा, मातलेमार्गे तीन तास. दुपारी दोन ते साडेचार पेरादेनियाची वनस्पती बाग. महावेली नदीच्या वळणात वसलेली, १८२१ पासूनची. उंच ताडांची सरळ वाट आणि एकाच झाडाने जणू मांडव घातलाय असा जावा वड, एवढं नीट बघितलं तरी पुरे. वर वटवाघळं लोंबत असतात, छत्री त्यासाठीही.

साडेपाचला दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाच्या दाताचं देऊळ. संध्याकाळची पूजा साडेसहाला सुरू होते. ढोल घुमायला लागले की सगळे खालीच थांबतात. वरच्या मजल्यावर, गाभाऱ्यासमोरच्या रांगेत आधी जाऊन उभं राहायचं. दार उघडल्यावर काही क्षणच दर्शन मिळतं, तेही सोन्याच्या करंडकाचं. दात दिसत नाही; दिसतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये एसळ पेरहेर ही मिरवणूक असते. ती बघायची असेल तर मुक्काम कित्येक महिने आधी ठरवा, बघायची नसेल तर त्या दिवसांत कँडी टाळा.

दिवस पाचवा : रेल्वेने एल्लला

सगळ्यांना हवा असतो तो हा दिवस, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतात.

सहा-सात तासांचा प्रवास, चहाच्या मळ्यांमधून. माथेरानसारखी झुकझुक गाडी डोळ्यांसमोर आणू नका. रुळांची रुंदी आपल्या ब्रॉडगेजइतकीच आहे, गाडी संथ आहे ती चढामुळे. आरक्षण तीस दिवस आधी खुलतं आणि हंगामात बघता बघता संपतं. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात काचा बंद असतात, म्हणजे पैसे जास्त आणि मजा कमी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचं आरक्षित आसन घ्या, खिडकी उघडते. आरक्षण नाही मिळालं तर बिनआरक्षित तिकीट त्याच दिवशी स्थानकावर मिळतं, पण कँडीला गाडी भरूनच येते आणि वाटेतल्या नानुओया स्थानकापर्यंत उभं राहावं लागतं.

त्यावर जमणारा तोडगा असा: कँडी ते नानुओया मोटारीने जा, वाटेत चहाचा कारखाना बघा, आणि नानुओयाला रेल्वे धरा. तिथे बरेच प्रवासी उतरतात. पुढचे तीनेक तास म्हणजेच या मार्गाचा उत्तम भाग. चालक सामान घेऊन रस्त्याने एल्लला पोचतो. पट्टिपोल हे सुमारे १,९०० मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंच स्थानक. त्याच्यापुढच्या बोगद्याच्या अलीकडे धुकं आणि पलीकडे लख्ख ऊन, असं पुष्कळदा होतं. स्वेटर हाताशी ठेवा.

नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात डोंगरात दरडी कोसळून या मार्गाचं मोठं नुकसान झालं. गाडी कुठून कुठपर्यंत धावते ते तारीख ठरवण्याआधी रेल्वेकडूनच पक्कं करा आणि रस्त्याचा पर्याय तयार ठेवा. आणि दारात लोंबकळून फोटो नको. बोगदे आणि खांब अंगाला लागतील इतके जवळून जातात, माणसं दगावली आहेत.

चहाच्या कारखान्याला रविवारी किंवा पोयाला गेलात तर यंत्रं बहुधा बंद असतात. चालू कारखान्यात पाला सुकवायच्या लांबच लांब चौक्या, त्यांच्या जाळीखालून फिरणारी हवा, मग पाला मळणं, आणि तिथून उठणारा ओल्या गवताचा नि सफरचंदाच्या सालीसारखा वास. तो वास सुटतो तेव्हाच हिरव्याचा काळा चहा व्हायला लागलेला असतो.

दिवस सहावा : एल्ल

पहाटे साडेपाचला छोटं ॲडम्स पीक ही टेकडी, पाऊण तासाची सोपी वाट. दहानंतर ढग चढतात, म्हणून उशीर नको. तिथून नऊ कमानींच्या पुलाकडे. १९२१ मध्ये पुरा झालेला हा पूल दगड-विटांचा आहे. गाडी केव्हा जाणार हे आदल्या दिवशी एल्ल स्थानकावर विचारून ठेवा आणि त्यात अर्धा तास उशीर धरा. दुपारी झोप काढा, कपडे धुवायला टाका. दमट किनाऱ्यावर ते दोन दिवस वाळत नाहीत, इथे वाळतात.

दिवस सातवा : उडवळवे

घाट उतरताना रावणाचा धबधबा रस्त्यालाच लागतो. बघा, भिजायला उतरू नका, शेवाळलेल्या कातळावरून माणसं घसरतात. वेल्लवायजवळ बुदुरुवगलला कातळात कोरलेली सोळा मीटरची बुद्धमूर्ती आहे, अर्धा तास पुरतो आणि गर्दी नसते.

सफारीसाठी ‘याला’ राष्ट्रीय उद्यान की उडवळवे? बिबट्याची आस असेल तर ‘याला’, पण तिथे जीपगाड्यांची रांग लागते आणि मुख्य भाग सप्टेंबरच्या सुमारास काही आठवडे बंद असतो. पहिल्या खेपेला उडवळवे. मोकळं माळरान, त्यामुळे हत्ती दिसतातच. आधी तीनच्या वेळेला पोरक्या पिल्लांच्या संगोपन केंद्रात जा, दर तीन तासांनी तिथे दूध पाजतात आणि लांबच्या चौथऱ्यावरून बघता येतं. मग थेट जीपमध्ये, अंधार पडेपर्यंत. चालकाला आधीच सांगा की हत्तीच्या वाटेत गाडी घालायची नाही. साखळीतल्या हत्तींवर बसवणारी ठिकाणं गाळलेली बरी.

दिवस आठवा आणि नववा : गॉल

तीन तासांत गॉल. किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला, डचांनी आजचे तट बांधले. साडेचारला तटावर चढा आणि दीपगृहापासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत चालत जा. २००४ च्या त्सुनामीत याच तटांनी आतलं गाव बऱ्याच अंशी वाचवलं.

नवव्या दिवशी मिरिस्साहून देवमासे, डिसेंबर ते एप्रिल. होडी सकाळी साडेसहाला सुटते आणि चार-पाच तास भर समुद्रात असते. मळमळीची गोळी होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तासभर घ्या. नाश्ता हलका, बसायचं मधोमध, नजर क्षितिजावर. पोहायचं असेल तर उणवटुनाचा आडोशाचा किनारा. बाकी दक्षिण किनाऱ्यावर पाणी आत ओढतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाजूला या, मग वळा. लाल निशाण असेल तर पायही नको. खांबावर बसलेले मासेमार कोग्गलाला दिसतात, ते आता फोटोसाठीच बसतात आणि पैसे मागतात. द्यायचे तर आधी ठरवा.

दिवस दहावा : परत

गॉलहून द्रुतगती मार्ग कोलंबोला वळसा घालून विमानतळापर्यंत जातो, अडीच तास. टोलला सुटे पैसे ठेवा. चहा विमानतळावर घेऊ नका, आदल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये घ्या. तोच डबा सुपरमार्केटमध्ये बराच स्वस्त असतो. उरलेले श्रीलंकन रुपये पारपत्र तपासणीच्या अलीकडेच बदला, पैसे बदलल्याची पहिल्या दिवशीची पावती त्यासाठी जपून ठेवलेली बरी. मुंबईत हे रुपये सहसा कोणी घेत नाही.